नवा अलार्म, जुनी वायर

रत्नागिरी-रायगडच्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज ब्रिटनमध्ये संसार करीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी स्कॉटलंडमध्ये जुने घर घेतले, की एक प्रश्न येतो. छतावरचे जुने स्मोक अलार्म बदलायचे आहेत. मग त्यांची आधीचीच वायर वापरावी का? आमचे म्हणणे असे, की वापरता येते, पण तपासून; गृहीत धरून नव्हे.

आधी कायदा पाहू. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण दगावले. रमजानचे दिवस होते. सेहरीसाठी जाग्या असलेल्या काहींनी शेजाऱ्यांची दारे ठोठावून त्यांना उठवले. झोपलेल्याला वेळेवर जाग येणे हाच तिथे जीवन-मरणाचा प्रश्न होता. या दुर्घटनेनंतर स्कॉटलंडने नियम कडक केले. १ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये स्मोक अलार्म, तर स्वयंपाकघरात हीट अलार्म हवा. फोडणीच्या धुराने उगाच ठणाणा होऊ नये म्हणून तिथे धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र. हे सगळे एकमेकांशी जोडलेले हवेत. खाली धूर झाला, की वरचाही वाजला पाहिजे.

ही जोडणी वायरने असेल, तर फेज आणि न्यूट्रलशिवाय निरोप पोचवणारी आणखी एक तार असते. इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे काळी तार म्हणजे न्यूट्रल. ब्रिटनमध्येही पूर्वी तसेच होते. पण २००४ ते २००६ दरम्यान तिथले रंग बदलले. आता तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. अलार्मच्या तीन तारांच्या केबलमधली काळी तार निरोपाचीही असू शकते. तिच्यात चुकून वीज सोडली, तर नवे अलार्म जळू शकतात. म्हणून रंगावर विसंबू नये. हे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचेच. वायरचे इन्सुलेशन शाबूत आहे का, अर्थिंग आहे का, हे तो मोजून सांगतो.

जुन्या आणि नव्या कंपनीचे अलार्म एकाच तारेवर मिसळू नयेत. त्यांचे इशारे जुळतीलच असे नाही. संच पूर्ण बदलावा. जिथे वायर पोचलेलीच नाही, तिथे भिंत फोडण्याची गरज नाही. रेडिओने जोडले जाणारे अलार्म मिळतात. दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे, एकही वायर न लागणारेही मिळतात. ते घरच्या घरी बसवता येतात. घर भाड्याचे असेल, तर ही जबाबदारी घरमालकाची.

काम झाल्यावर एका अलार्मचे टेस्ट बटण दाबावे. घरातले सगळे वाजले पाहिजेत. मग मेन स्विच बंद करून पुन्हा दाबावे, म्हणजे आतली बॅटरी कळेल. त्या वेळी मागच्या खोलीत दार लावून कुणाला तरी बसवावे. पाहुणे आलेले दादा-दादी तिथेच झोपतात. त्यांच्यापर्यंत आवाज गेला, तरच काम पुरे झाले समजावे.