धूम्रपान व मज्जातंतूंचा एक विकार

आम्ही वैद्य नव्हे, धान्याचे व्यापारी. तथापि जे बंधुभगिनींच्या हिताचे, ते येथे मांडणे कर्तव्य समजतो.

विजेच्या तारेवर असते तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. शरीराची संरक्षक शक्तीच त्यावर उलटली म्हणजे ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा विकार जडतो. तो बहुधा २० ते ४० या ऐन उमेदीच्या वयात गाठतो. दृष्टी मंदावते, अंगास बधिरता येते, पाय लटपटतात. प्रारंभी बहुतेकांस झटके येऊन ओसरतात. पुढे कित्येकांचे पंगुत्व हळूहळू वाढतच जाते.

येथेच धूम्रपानाचा संबंध येतो. स्वीडनमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निदानानंतरही धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांस ही दुसरी अवस्था सुमारे ४८व्या वर्षी, तर ते सोडणाऱ्यांस सुमारे ५६व्या वर्षी आल्याचे आढळले. आठ वर्षांचे मोल व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

धुराने फुप्फुसांचा दाह होऊन संरक्षक शक्ती चेतते, असे तज्ज्ञ मानतात. स्वीडनमध्ये ओठाआड ठेवावयाच्या तंबाखूने या विकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. परंतु त्यामुळे आपल्याकडील तंबाखू-चुना निर्दोष ठरत नाही, कारण त्याने मुखाचा कर्करोग होतो.

कोठारात ओल शिरून नासलेले धान्य परत येत नाही. ओल थांबविल्यास उरलेले मात्र वाचते. म्हणून अशा रुग्णाने औषधोपचार चालू ठेवून विडी-सिगारेट सोडावी. घरच्यांनी त्यास दोष न देता साहाय्य करावे, आणि घरात व पेढीवर कोणासही धूर करू देऊ नये, ही विनंती.