उंचीआधी पायथा

बंगल्याला किंवा शेतघराला कुंपण घालायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती फूट? फॅब्रिकेटरही तोच विचारतो, कारण त्याचा हिशेब त्यावरच चालतो. दाराशी लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर उत्तरही ठरलेलं, सहा फूट. बहुतेक कुत्र्यांना एवढी उंची पुरते, हे खरं. पण कुत्रं निसटतं ते वरूनच, हे कोणी ठरवलं? ते खालून जातं, फाटकाच्या फटीतून जातं, आणि मुळात कशासाठी तरी जातं. दिवसभर एकटं राहून कंटाळलेलं असेल, वासावर असलेला नर असेल, दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेलं असेल. बिथरलेलं कुत्रं एरवी ज्या भिंतीकडे पाहतही नाही तीसुद्धा ओलांडतं. हे कारण आधी शोधलं नाही, तर कुंपणाचा निम्मा खर्च पाण्यात जातो.

सर्वांत जास्त बसवली जाते ती चेनलिंक जाळी, कारण ती स्वस्त पडते आणि पटकन उभी राहते. तिच्यात दोन खोटी आहेत. एक म्हणजे तिची भोकं चपळ कुत्र्याला पायऱ्यांसारखी वापरता येतात. दुसरी खोट मोठी आहे: तिच्यातून सगळं दिसतं. पेपरवाला सायकलवरून येतो, कुत्रं जाळीवर झेप घेऊन भुंकतं, पेपरवाला पुढे निघून जातो. तो जाणारच होता, पण कुत्र्याच्या लेखी भुंकल्यामुळे तो पळाला. रोज दहा-वीस वेळा हा धडा गिरवला की कुत्रं जाळीलगत येरझाऱ्या घालू लागतं, तिथलं गवत झिजून पायवाट पडते, आणि शेजारच्या कुत्र्याशी जाळीआडून भांडणं जुंपतात. फाटक उघडं राहिलं की तेच कुत्रं कुणाच्या तरी पोटरीवर धावून जातं. म्हणून रस्त्याकडची बाजू तरी बंदिस्त हवी: विटांची भिंत, सिमेंटची तयार फळी, निदान जाळीवर कुत्र्याच्या डोळ्यांच्या वरपर्यंत घट्ट बांधलेली हिरवी शेडनेट. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कुत्रं पाळलंय राखणीला, त्याला बाहेरचं दिसलंच नाही तर ते राखणार काय? पण कुत्रं राखण करतं ती प्रामुख्याने कानांनी आणि नाकाने. भिंतीपलीकडे थांबलेला माणूस त्याला न पाहताही कळतो. उलट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे घरातली माणसंच लक्ष देईनाशी होतात, मग राखण उरते कुठे?

आता पायथा. कुत्रं उकरतं ते कुंपणाला अगदी चिकटून. चार पावलं मागे सरून भुयार काढायचं त्याला सहसा सुचत नाही, आणि याचाच फायदा घ्यायचा असतो. जाळीचा खालचा दीड-दोन फूट भाग आतल्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीवर पसरायचा, खुंट्यांनी दाबायचा, वर माती टाकायची. नखं जाळीला लागली की उकरणं थांबतं. पावसाळ्यात माती भुसभुशीत होते तेव्हा तर हा भाग पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. फाटकाखाली गाडीच्या उतारासाठी सोडलेली फटही मोजून पाहावी. पिल्लाचं डोकं गेलं की अंगही बहुधा जातंच. कोकणातला रचलेल्या दगडांचा गडगा दिसतो सुंदर, गुरांना अडवतोही, पण कुत्र्याला तो चढायला सोपा.

जिवंत कुंपण हिरवंगार दिसतं, मात्र त्याच्या बुंध्यांमध्ये वाट सापडते, म्हणून आत जाळी लागतेच. शिवाय सर्रास लावली जाणारी कण्हेर कुत्र्यासाठी विषारी आहे आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा करतो. काटेरी तार कुत्र्याला अडवत नाही, फाडते. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचं ‘अदृश्य कुंपण’ तर पटण्यासारखं नाहीच: उत्तेजित झालेलं कुत्रं झटका सोसून बाहेर पडतं आणि नंतर परत यायला घाबरतं, शिवाय बाहेरून येणाऱ्याला ते अडवतच नाही. वेल्समध्ये अशा गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. मग सरळ साखळीच का नको, असं कुणी विचारेल. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या कायद्याच्या, कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीला जनावर फार वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणंही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले या उसाच्या पट्ट्यात प्रश्न उलटा होतो. तिथे कुत्रं बाहेर जाण्यापेक्षा बिबट्या आत येण्याची भीती मोठी. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार अभ्यासला, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. सहा फुटांची भिंत बिबट्याला अडवत नाही, आणि आठ फुटांची बांधून खर्चच वाढतो. अशा ठिकाणी अंगणाचं कुंपण फक्त दिवसापुरतं धरावं आणि वाचवलेल्या पैशांतून वरून पत्रा, चारी बाजूंनी जाड जाळी आणि कडीचं दार असलेली खोली घराच्या भिंतीला लागून बांधावी. अंधार पडायच्या आत कुत्रं तिथे गेलेलं असावं.