उपग्रहाचा अंदाज, चाकाचा हिशेब

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर सायकलने मोजतात. वर्ल्ड ॲथलेटिक्सची मान्य पद्धत आजही हीच आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ नावाचा दातेरी चक्रांचा लहानसा मोजक बसवतात. चाक फिरेल तसे त्याचे आकडे सरकतात आणि एकेका आकड्यामागे जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर रस्ता गेलेला असतो. मार्ग मोजायला घेण्याआधी पोलादी टेपने नीट मोजून ठेवलेल्या, किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावरून ती सायकल चार वेळा चालवतात आणि मोजणी संपल्यावर पुन्हा चार वेळा. ऊन चढले की टायरमधली हवा फुगते, चाकाचा घेर किंचित वाढतो आणि तो फरकही हिशेबात घ्यावा लागतो. शेवटी दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरत नाही. धावपटूंच्या मनगटावर उपग्रहांशी जोडलेली घड्याळे असतात, पण त्यांच्या पायाखालचा रस्ता ठरतो सायकलच्या चाकावर. सायकलस्वारांची रीत मात्र बदलली आहे. हँडलवर बसवलेल्या जीपीएस उपकरणाने किंवा खिशातल्या मोबाइलने राइडच्या शेवटी जे अंतर आणि जी चढाई दाखवली, तीच बहुतेक जण खरी मानून चालतात. या उपकरणावर विश्वास ठेवावा, याबद्दल शंका नाही. प्रश्न एवढाच की त्याच्या कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा. आपण कुठे आहोत हे ते उत्तम सांगते. आपण किती अंतर कापले आणि किती चढलो हे सांगताना ते अंदाज करत असते, आणि तो अंदाज कसा होतो हे कळल्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही.

या उपकरणाचे मूळ लष्करी आहे. अमेरिकेने जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये ही यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित झाली. तरी मे २०००पर्यंत नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसू शके. ती चूक काढल्यावरच सायकलसाठी जीपीएस वापरण्यात अर्थ आला. पुढच्या पाच-सहा वर्षांत गार्मिनची एज मालिका बाजारात आली, २००९ मध्ये स्ट्रावा सुरू झाले आणि राइडची नोंद ही वहीतली गोष्ट न राहता सगळ्यांनी पाहायची गोष्ट झाली. या साऱ्यामागचे काम वेळ मोजण्याचे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत असतो. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून उपकरण अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने येणारा संदेश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाची गफलत झाली तरी वीतभराहून जास्त फरक पडतो. हँडलवरच्या उपकरणात अणुघड्याळ नसते, म्हणून तीन उपग्रहांवरून जागा आणि चौथ्यावरून स्वतःच्या घड्याळाची चूक असे चार अज्ञात त्याला एकदम सोडवावे लागतात. वाटेत वातावरणाचा विद्युतभारित थर संदेशाला उशीर करतो, इमारती आणि कडे त्याला परावर्तित करतात, झाडांची दाट पालवी तो क्षीण करते. इतके असूनही मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल साधारण ४.९ मीटरच्या परिघात जागा दाखवतो, असा अमेरिकी सरकारने दिलेला आकडा आहे. हे यश मोठे आहे.

पण पाच मीटरची ही चूक एका बिंदूची आहे आणि राइड हजारो बिंदूंची बनते. एका बिंदूची अचूकता आणि त्या सगळ्या बिंदूंवरून काढलेल्या बेरजेची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावीकडची चूक आणि उजवीकडची चूक एकमेकींना खोडतील आणि सरासरीने सगळे जुळेल, असे आपल्याला सहज वाटते. अंतराच्या बाबतीत तसे होत नाही, कारण अंतर कधी ऋण नसते. सायकल सरळ रस्त्यावर सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. उपकरणाने दर सेकंदाचा बिंदू आळीपाळीने एक मीटर डावीकडे आणि एक मीटर उजवीकडे टिपला, तर ५ मीटरचे प्रत्येक पाऊल कागदावर सुमारे ५.३९ मीटरचे होते. दहा किलोमीटरची राइड पावणेअकरा किलोमीटरच्या पुढे जाते. वेग दुप्पट केला तर तीच चूक जेमतेम दोन टक्क्यांवर येते. म्हणजे जिथे सायकल हळू चालते, त्या चढावर आणि गर्दीच्या रस्त्यावर उपकरणाला अंतर फुगवण्याची संधी जास्त मिळते. सायकल चहाच्या टपरीपाशी उभी असली तरी बिंदू भोवताली भटकत राहतात आणि नकाशावर सुताचा गुंता झाल्यासारखी रेघ उमटते. थांबल्यावर नोंद आपोआप थांबवण्याची सोय उपकरणात असते ती याचसाठी. साल्झबर्गच्या पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे गणिताने मांडले आहे. मोजणीतल्या चुकांमुळे अंतर वाढतेच, आणि किती वाढते हे एकामागोमाग एक येणाऱ्या चुकांचे आपसात किती साम्य आहे यावर ठरते. मोकळ्या माळावर सगळे बिंदू एकाच दिशेला तीन-चार मीटर सरकलेले असतात. नकाशावर रेघ शेजारच्या शेतातून जाताना दिसते, पण तिची लांबी बरोबर असते. उंच इमारतींच्या गल्लीत मात्र प्रत्येक बिंदू वेगळ्या दिशेला उडी मारतो आणि रेघ तुटक, वाकडी होते. तेव्हा नकाशावरची रेघ रस्त्यावर बसते का, यापेक्षा ती गुळगुळीत आहे का हे पाहणे अंतरासाठी जास्त उपयोगाचे.

याच्या नेमकी उलट चूक घाटात होते. दहा मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार वळण घेतले, तर त्यावरचा रस्ता सुमारे ३१ मीटर भरतो. उतारावर सेकंदाला १० मीटर वेगाने उतरणाऱ्या सायकलची नोंद दर सेकंदाला झाली, तरी कमानीच्या जागी सरळ जीवा जोडल्या जातात आणि वळणाचे अंतर चारेक टक्क्यांनी घटते. बॅटरी किंवा जागा वाचवण्यासाठी उपकरण पाच सेकंदांनी एक बिंदू टिपत असेल, तर अख्खे वळणच दोन बिंदूंच्या मध्ये गडप होऊ शकते आणि ३१ मीटरच्या जागी २० मीटरच मोजले जातात. वरंध किंवा ताम्हिणी घाट चढताना उपकरण जे अंतर दाखवते ते उतरताना दाखवत नाही, यात गूढ काही नाही. चढताना वेग कमी असल्याने बिंदू दाट पडतात, उतरताना विरळ. फुगवणारी चूक आणि कापणारी चूक अशा दोन्ही एकाच राइडमध्ये काम करत असतात आणि त्यांच्यात मेळ घालण्याचे काम उपकरणातली आज्ञावली करते. रेघ किती सपाट करायची, कोणता बिंदू बाद करायचा, कोणत्या वेगाखाली सायकल थांबली असे मानायचे, हे निर्णय बनवणाऱ्यांनी आधीच घेतलेले असतात. चौघे एकत्र निघाले आणि चार उपकरणांनी चार अंतरे दाखवली, तर त्यातले एक खरे आणि तीन खोटी असे नसते. ती चारही अंतरे म्हणजे उपग्रहांच्या त्याच संदेशांवरून काढलेले चार निष्कर्ष असतात.

चढाईच्या आकड्यात हा प्रश्न सर्वांत बिकट होतो. उपग्रह फक्त वरच्या बाजूला दिसतात, खालच्या बाजूचे पृथ्वीने झाकलेले असतात, त्यामुळे उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा साधारणपणे जास्त असते. शिवाय जीपीएस उंची मोजते ती एका गणिती लंबगोलापासून, समुद्रपातळीपासून नव्हे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राची पातळी या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे आणि मुंबई-पुण्याच्या परिसरातही हा फरक ६० मीटरांहून अधिक भरतो. उपकरण अंगच्या तक्त्यावरून तो वजा करते. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की त्याने तो वजा केला नाही, तरी चढाईच्या बेरजेला धक्का लागत नाही, कारण संपूर्ण राइड सारखीच खाली सरकते. बिंदूची चूक केवढीही असली तरी बेरीज शाबूत राहू शकते, याचे हे चांगले उदाहरण. उलट चांगल्या उपकरणात उंचीसाठी हवेच्या दाबाचा मापक असतो, तो बिंदूला नेमका असूनही बेरजेला फसवू शकतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की उपकरणाला आठ-साडेआठ मीटर चढल्यासारखे वाटते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कल खाली येतो. सपाट रस्त्यावर दिवसभर सायकल चालवली, तरी पंचवीस-तीस मीटरची चढाई अशी हवेतूनच येते. पावसाळ्यात मापकाच्या बारीक छिद्रावर पाण्याचा थेंब बसला, तर उंचीची रेघ एकदम सपाट होते किंवा उसळी घेते. नकाशावरून उंची दुरुस्त करावी म्हटले, तर फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने रडारने टिपलेल्या आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या नकाशात जमीन ३० किंवा ९० मीटरच्या चौकटींत विभागलेली आहे. कड्याला चिकटून गेलेल्या घाटरस्त्यावर बिंदू थोडा सरकला की शेजारची चौकट लागते आणि उंची कड्याच्या माथ्याची मिळते. बोगद्यात तर डोक्यावरचा डोंगरच चढल्याची नोंद होते.

एवढे सगळे दुरुस्त केले तरी एक प्रश्न उरतो, तो मोजण्याच्या पलीकडचा आहे. रस्त्याचा दोन मीटरचा उंचवटा चढाई म्हणून धरायचा की नाही? धरला तर पुलाचा चढ, गतिरोधक आणि खड्ड्यातून वर येणे कुठे सोडायचे? प्रत्येक सॉफ्टवेअर इथे एक उंबरठा ठरवते. स्ट्रावाने सांगितलेल्या पद्धतीनुसार दाबमापकाची नोंद असेल तर दोन मीटरांहून जास्त सलग चढ धरला जातो, ती नसेल तर दहा मीटरांहून जास्त. उंबरठा बदलला की एकाच रस्त्याची चढाई बदलते, म्हणून एकूण चढाईला उंबरठा सांगितल्याशिवाय एकच खरा आकडा नसतो. याचा धडा २०२० मध्ये एका विक्रमाने दिला. एकच चढ पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टएवढी, म्हणजे ८,८४८ मीटर चढाई पुरी करण्याला सायकलस्वार एव्हरेस्टिंग म्हणतात. त्यांनी धरलेली ८,८४८ मीटर ही उंची भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५०च्या दशकात काढलेली आहे. ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू लॅकलन मॉर्टन याने अमेरिकेतल्या कोलोरॅडोत विक्रमी वेळात हे केले. नंतर लक्षात आले की ज्या टप्प्याला प्रत्येक फेरीची उंची म्हणून धरले होते, त्या टप्प्याचाच आकडा चुकीचा होता आणि चढाई शेकडो मीटर कमी पडली होती. एकाच टप्प्यातली चूक फेऱ्यांच्या संख्येने गुणली गेली होती. मॉर्टनने आठवड्याभरात पुन्हा प्रयत्न केला आणि ७ तास २९ मिनिटे ५७ सेकंदांत विक्रम नीट करून दाखवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीन यांनी एव्हरेस्टची नवी उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली, आणि ती मोजतानाही उपग्रहांचीच मदत घेतली होती. शिखरावर स्थिर ठेवलेल्या, बराच वेळ नोंदी घेतलेल्या, समुद्रपातळीशी जोडून तपासलेल्या उपकरणाला सेंटिमीटरच्या भाषेत बोलता येते. घाटातून धावणाऱ्या हँडलवरच्या उपकरणाकडून तीच अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

यावर सांगितले जाईल की तंत्रज्ञान पुढे गेले आहे. ते खरे आहे. दोन वारंवारतांवर ऐकणारी उपकरणे आता सायकलसाठीही मिळतात. दोन वारंवारतांना होणाऱ्या उशिरातल्या फरकावरून वातावरणाचा परिणाम काढता येतो आणि एल-५ या वारंवारतेवरचा संकेत जुन्यापेक्षा दहापट वेगाने बदलत असल्याने कड्यावरून परतलेला प्रतिध्वनी वेगळा ओळखता येतो. इस्रोच्या नाविक यंत्रणेचे उपग्रह एल-५वर बोलतात आणि ते भारताच्या आकाशात उंचावर राहतात, म्हणून दऱ्यांत त्यांचा उपयोग जास्त. या सगळ्याने बिंदू सुधारतात, रेघ कमी थरथरते आणि अंतर खऱ्याच्या जवळ येते. पण चढाईचा उंबरठा, नोंदीचा कालावधी आणि रेघ सपाट करण्याची रीत हे निर्णय उपग्रह घेत नाहीत, त्यामुळे ते प्रश्न तसेच राहतात. दुसरा आक्षेप असा की मग चाकाचाच मापक बरा. अंतरासाठी तो खरोखरच बरा आहे. बोगदा, झाडी, वळण यांचा त्याला फरक पडत नाही. मात्र त्याची चूक एकाच दिशेने आणि सतत जाते. ७००×२५ टायरचा घेर तक्त्यात २,१०५ मिलिमीटर दिलेला असतो. त्याजागी ७००×२८चा २,१३६ घातला, तर प्रत्येक शंभर किलोमीटरला सुमारे दीड किलोमीटर आपोआप वाढतो. तक्त्यावर न विसंबता खडूने टायरवर आणि फरशीवर खूण करावी, खोगिरावर बसून आपल्या वजनाने टायर दबू द्यावा, चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे जावा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. पाच मिनिटांच्या या कामाने चाकाचा मापक एका टक्क्याच्या आत सहज येतो.

तिसरा आक्षेप साधा आणि सर्वांत वजनदार आहे: एक-दोन टक्क्यांनी कुणाचे काय बिघडते? रोज सकाळी व्यायामाला निघणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. त्याला आपली आजची राइड कालच्याशी ताडायची असते, आणि तेच उपकरण, तीच मांडणी ठेवली तर चुकाही बऱ्याच अंशी सारख्याच राहतात. एकाच उपकरणाने मोजलेला सिंहगड त्याच उपकरणाने मोजलेल्या सिंहगडाशी ताडणे योग्यच आहे. गडबड होते ती एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावून मोठे-लहान ठरवताना, आणि आकड्यावर मान किंवा विक्रम अवलंबून असताना. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्ये हे फार पूर्वी ओळखले गेले. २०० किलोमीटरची ब्रेव्हे १३ तास ३० मिनिटांत पुरी करायची असते, पण ती पुरी झाली हे ठरते मार्गावरच्या नियंत्रण थांब्यांवर कार्डावर झालेल्या वेळेच्या नोंदीवरून. हँडलवरच्या उपकरणाने १९७ दाखवले म्हणून कुणाची ब्रेव्हे हुकत नाही आणि २०६ दाखवले म्हणून कुणाची मोठी होत नाही. जिथे आकड्याला जबाबदारी असते, तिथे आधी माप ठरते आणि मग मोजणी होते. मॅरेथॉनचा मार्ग मोजणारा माणूस पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर सायकल आठ वेळा चालवतो, ती आपल्या चाकाची चूक किती आहे हे कळावे म्हणून. जीपीएस वापरणाऱ्या सायकलस्वाराने त्याच्याकडून एवढे घ्यावे: वाट शोधायला उपग्रहांवर निर्धास्त विसंबावे, अंतर हवे असेल तर टेप आणि खडू घेऊन चाकाचा घेर मोजावा, आणि चढाईचा आकडा कुणाला सांगताना तो कोणत्या उपकरणाने आणि कोणत्या पद्धतीने काढला तेही सोबत सांगावे.