हेराचे मोल आणि राजाचे कान

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘माहितीचे मूल्य’ हा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर झापड येऊ लागते. परंतु त्याच ओघात कौटिल्याच्या हेरांचा उल्लेख आला, की मागच्या बाकांवरही कान टवकारले जातात. हे स्वाभाविकच आहे. वेषांतर, सांकेतिक लिपी, अदृश्य शाई यांची मोहिनी कोणाला पडत नाही? तथापि हेरगिरीचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. बातमी मिळवणे हे या विद्येतले निम्मेच काम. ती पारखून घेणे आणि अप्रिय असली तरी ऐकून घेणे हे उरलेले निम्मे काम. राज्ये बहुधा तेथेच फसली आहेत.

हेरावरील खर्चाचा हिशेब प्रथम मांडला तो सुन त्झूच्या नावावर असलेल्या प्राचीन चिनी युद्धग्रंथाने. त्याचे तेरावे आणि शेवटचे प्रकरण हेरांवरच आहे. लाखाचे सैन्य बाहेर काढले की रोजचा खर्च अफाट असतो. असे असता, हेराला द्यावयाच्या बक्षिसात काटकसर करून शत्रूविषयी अज्ञानात राहणे हा प्रजेवर केलेला निर्दयपणा होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. अर्थशास्त्राच्या कोणाही अध्यापकाने मान डोलवावी, असे हे गणित आहे.

कौटिल्य याच्या एक पाऊल पुढे जातो. १९०९ साली म्हैसूर येथे शामशास्त्री यांनी ‘अर्थशास्त्र’ छापून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील हेरव्यवस्था पाहून विद्वान चकित झाले. विद्यार्थी, संन्यासी, तापस यांच्या जोडीला तेथे गृहपतिक आणि वैदेहक आहेत. गृहपतिक म्हणजे उपजीविका बुडालेला शेतकरी आणि वैदेहक म्हणजे धंदा बसलेला व्यापारी. दोघेही बुद्धिमान आणि सचोटीचे असावेत, अशी अट आहे. पोटाची निकड कोणाला या कामाकडे आणते, हे त्या चतुर ग्रंथकाराने नेमके हेरले होते. परंतु त्याचा खरा मोठेपणा पुढील नियमात आहे. हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये. तिघांचे म्हणणे जुळले तरच बातमी खरी मानावी. आणि ज्यांच्या बातम्या वारंवार विसंगत ठरतील, त्यांना दूर करावे. म्हणजे बातमीचा खरेखोटेपणा राजाच्या आवडीनिवडीवर सोडलेला नाही. त्यासाठी नियम आहे.

आपल्या इतिहासात या दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात. बहिर्जी नाईक यांच्याभोवती आज कथा-कादंबऱ्यांचे दाट जाळे विणले गेले आहे. विश्वसनीय नोंदी मात्र मोजक्याच आहेत. जिंजीच्या मुक्कामी लिहिलेल्या सभासद बखरीत, सुरतेची पाहणी करून येऊन तेथील अपार संपत्तीची वार्ता त्यांनी महाराजांना दिल्याचे सांगितले आहे. जानेवारी १६६४ मधील सुरतेची स्वारी ही सांगणारा आणि ऐकणारा दोघेही तोलामोलाचे असल्याची साक्ष होय. त्यानंतर शंभर वर्षेही लोटली नव्हती. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीच्या उत्तरेस कुंजपुरा जिंकले. भरलेली यमुना शत्रूला सहजी उतरता यावयाची नाही, अशा समजुतीत मराठी फौज असताना अब्दाली बागपतजवळ नदी उतरून आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडील मार्ग त्याने तोडला. पुढे पानिपतावर जी उपासमार झाली, तिचे मूळ या एका हुकलेल्या बातमीत होते.

परंतु बातमी हातात असूनही नाकारली जाते, तेव्हा काय होते? त्याचे उदाहरण १९४१ मधील मॉस्कोचे आहे. टोकियोत जर्मन पत्रकार म्हणून वावरणारा रिखार्ड झोर्गे हा सोव्हिएत हेर. हिटलर रशियावर चालून जाणार, असे त्याने कळवले. त्याने दिलेल्या तारखा मागेपुढे होत्या. तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबू नये, हे ठीकच. परंतु एप्रिलमध्ये चर्चिलनेही इशारा दिला होता आणि जूनच्या मध्यास जर्मन हवाई मंत्रालयातील एका हस्तकाचा अहवाल आला होता. कौटिल्याच्या नियमाप्रमाणे तिघांची वाक्ये जुळली होती! स्टालिनने त्या अहवालावर अश्लील शिवी लिहून तो परत धाडला. २२ जूनला जर्मन फौजा सीमा ओलांडून आत घुसल्या. झोर्गे ऑक्टोबरमध्ये पकडला गेला आणि १९४४ मध्ये जपानमध्ये फासावर गेला. ज्या राष्ट्रासाठी त्याने प्राण दिला, त्याने त्याचा जाहीर सन्मान केला तो १९६४ मध्ये.

येथे दोष हेरांचा नव्हता. हुकूमशहापुढे अप्रिय सत्य बोलणे जिवावर बेतू शकत होते. म्हणून वरिष्ठ अधिकारी अहवाल पुढे ठेवताना त्यावर अविश्वासाची मखलाशी करीत. सत्य सांगण्याची किंमत वाढली की बाजारात सत्याचा पुरवठा घटतो आणि खुशामतीचा वाढतो. लोकशाही देशही याला अपवाद नाहीत. २००३ मध्ये इराककडे संहारक अस्त्रे आहेत, असे अमेरिका व ब्रिटन या देशांच्या सरकारांनी ठामपणे सांगितले. ती सापडली नाहीत. फरक इतकाच, की तेथे नंतर चौकशा झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष जनतेपुढे आले.

आपल्याकडे १९९९ च्या मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांतील घुसखोरांची पहिली वार्ता स्थानिक मेंढपाळांनी आणली. त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतील उणिवा स्पष्ट शब्दांत नोंदवल्या आणि काही भाग वगळून तो अहवाल २००० मध्ये संसदेपुढे आला. हे निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु अमेरिकेच्या सिनेटने गुप्तचर खात्यांवर देखरेखीसाठी १९७६ मध्ये स्थायी समिती नेमली, ब्रिटनने १९९४ मध्ये तसा कायदा केला. आपल्या ‘आयबी’ व ‘रॉ’ या संस्था मात्र संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. त्यांची गुपिते चव्हाट्यावर आणावीत, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. त्यांनी दिलेली बातमी कोणी पारखली, आणि नावडती बातमी सांगणाऱ्याचे पुढे काय झाले, हे विचारणारे संसदेला उत्तरदायी असे कोणीतरी असावे, एवढीच अपेक्षा आहे.

कोणत्याही कचेरीत साहेबांना रुचेल तेच टिपण वर सरकते, हे आपण नित्य अनुभवतो. तेथे फार तर एखादी फाइल चुकीची निकालात निघते. राज्याच्या बाबतीत तीच सवय सीमेवरच्या शिपायाच्या जिवावर बेतते. आणि त्या शिपायाला, तिघांची वाक्ये जुळली होती की नाही, हे विचारण्याची सोय नसते.