जुन्या ट्रॅक्टरचे टायमिंग गिअर : बदलताना काय पाहावे?



आपल्यापैकी बरीच कुटुंबे हुबळी-धारवाडात स्थिरावली असली, तरी धारवाड, कलघटगी, अळणावर भागात थोडीफार शेती अनेकांनी राखली आहे. काहींच्या गोठ्याशेजारी वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातचा जुना ट्रॅक्टरही उभा आहे. बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाच्या तपासणीसाठी खेडोपाडी फिरताना असे ट्रॅक्टर मी खूप पाहिले. टायमिंगचे काम अर्धवट झाल्यामुळे चांगला ट्रॅक्टर भंगारात गेल्याचेही पाहिले. म्हणून हा लेख.

या जुन्या ट्रॅक्टरांत ‘बी-२७५’ हे नाव सर्वांच्या ओळखीचे. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली एकत्र येऊन कंपनी काढली आणि १९६५ पासून मुंबईच्या कांदिवलीत हे चार सिलिंडरचे डिझेल ट्रॅक्टर बनू लागले. खालची माहिती बी-२७५ सारख्या गिअरवर चालणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनांसाठी आहे. नेमकी मापे मात्र आपापल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

टायमिंग म्हणजे काय?

इंजिनाच्या पुढच्या कव्हराआड साधारण चार गिअर असतात : क्रँकचा, मधला आयडलर, कॅमचा आणि डिझेल पंपाचा. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅम गिअरला क्रँकच्या दुप्पट दाते असतात. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा आणि नोझलमधून डिझेल केव्हा उडायचे, हे या दात्यांवर ठरते.

समजा, क्रँक गिअरला २८ दाते आहेत. मग एक दाता चुकला की सुमारे १३ अंशांचा फरक पडतो. कॅममध्ये चूक झाली तर ओढ कमी होते; चूक मोठी असेल तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतो, कारण डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर अगदी थोडी जागा असते. पंपाच्या गिअरमध्ये चूक झाली तर डिझेल लवकर उडून इंजिन ठोकते, किंवा उशिरा उडून धूर सोडते आणि तापते.

बदलायची वेळ केव्हा?

पुढच्या कव्हरातून खडखड किंवा सतत घरघर येणे, दात्यांवर खड्डे पडणे, दोन गिअरमध्ये जास्त ढिलाई असणे, आयडलरचा बुश झिजणे ही लक्षणे. शक्यतो गिअर जोडीने बदलावेत. झिजलेल्या दात्यांशी नवे दाते नीट बसत नाहीत.

काम कसे चालते?

आधी ट्रॅक्टरला मजबूत आधार द्यावा. काही मॉडेलमध्ये पुढचा ॲक्सल इंजिनालाच जोडलेला असतो, त्यामुळे नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. रेडिएटर, पंखा, पुली आणि कव्हर काढल्यावर, जुने गिअर काढण्यापूर्वी पहिल्या नंबरचा पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते पाहावे. बहुतेक इंजिनांत खुणा याच जागी जुळवतात. खुणा दिसत नसतील तर रंगाने नव्या करून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. नवे गिअर बसवताना क्रँक-आयडलर, आयडलर-कॅम आणि आयडलर-पंप अशा तिन्ही जागी खूण खुणेसमोर आली पाहिजे. लॉक वॉशर, ऑइल सील आणि पॅकिंग नवेच घालावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी

कव्हर लावण्यापूर्वी इंजिन हाताने, पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावे. मध्ये अडकले तर जोर लावू नये. काहीतरी चुकले आहे असे समजून थांबावे.

दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅम मूळ जागी येतात, पण आयडलरच्या खुणा बहुधा जुळत नाहीत. आयडलरच्या दात्यांची संख्या वेगळी असल्याने त्याच्या खुणा पुष्कळ फेऱ्यांनंतर एकदा समोर येतात. हे ठाऊक नसल्याने काहीजण घाबरून नीट बसवलेले गिअर पुन्हा उचकटतात, आणि खरी चूक तिथे होते. खुणा पहिल्यांदा जुळवताना काढलेला फोटो अशा वेळी कामी येतो.

नंतर टॅपेट सेट करणे, पंपाचे टायमिंग पाहणे आणि डिझेल लाइनमधली हवा काढणे ही कामे राहतात. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद करण्याची दांडी कोणीतरी हाताशी धरून उभे राहावे आणि ऑइल प्रेशर लगेच पाहावे.

मिस्त्रींकडे देताना

काम द्यायच्या आधी अंदाजपत्रक लेखी घ्यावे, सुट्या भागांची यादी वेगळी मागावी आणि काढलेले जुने भाग परत घ्यावेत. खुणांचा फोटो आपल्यासमोर काढायला सांगावा. चांगले मिस्त्री याला नाही म्हणत नाहीत. आणि हे काम उन्हाळ्यातच उरकावे. मृगाचा पाऊस पडून काळ्या जमिनीला वाफसा आला की पेरणीला चार दिवस मिळतात. तेव्हा ट्रॅक्टर खोलून पडलेला असेल, तर नुकसान दुरुस्तीच्या बिलाहून कितीतरी मोठे होते.