स्वतःसाठी लिहिता न येणारं पत्र

'शिफारस' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. आपण तो पार बदनाम करून टाकला आहे. नोकरीला शिफारस, शाळेच्या प्रवेशाला शिफारस, समितीवर वर्णी लावायला शिफारस. आम्ही कवी तरी कुठे मागे आहोत? पुरस्काराचा अर्ज स्वतःच भरायचा, सोबत पुस्तकाच्या प्रती जोडायच्या आणि वाट पाहायची. हे मीही केलं आहे. म्हणूनच एका वेगळ्या शिफारशीचं मला अप्रूप वाटतं.

वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही. कुणी स्वतःचं नाव सुचवलं, तर ते विचारात घेतलं जात नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतली नोबेल समिती दर सप्टेंबरात जगभरातल्या निवडक जाणकारांना गोपनीय निमंत्रणं पाठवते. आधीच्या विजेत्यांनाही नाव सुचवण्याचा हक्क असतो. या मंडळींनी ३१ जानेवारीपर्यंत नाव कळवायचं आणि त्या माणसाच्या कामाचं मोल काय, ते लिहायचं. मग छाननी होते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ५० प्राध्यापकांची सभा कौल देते. एका वर्षी पुरस्कार फार तर तिघांना. कुणी कुणाचं नाव सुचवलं, याची कागदपत्रं ५० वर्षं बंद राहतात. म्हणजे ही शिफारस ज्याची, त्यालाही तिचा पत्ता नसावा, अशी रीत!

या रीतीतून कोलकात्याच्या एका डॉक्टरांची गोष्ट पुढे आली. त्यांचं नाव शंभुनाथ डे.

माझ्या दादीचे दोन भाऊ पटकीने गेले. पटकी म्हणजे कॉलरा. पोरं पाण्यासाठी तळमळत होती; पण पाणी दिलं तर आजार वाढतो, असा तेव्हाचा समज. ते सांगताना दादीचा आवाज म्हातारपणीही कापायचा. शरीरातलं पाणी असं का निघून जातं, हेच नीट उमगलं नव्हतं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यातही शोधून दाखवला होता, पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची पाऊणशे वर्षं कोडंच राहिलं.

डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने फुगला. मग त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला. त्यात एकही जंतू नव्हता, तरी आतडं तसंच फुगलं. म्हणजे जंतू एक विष सोडतो, आणि ते विष आतड्याकडून शरीरातलं पाणी बाहेर खेचून घेतं. हा शोध १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. साधनं अगदी साधी होती. विचार मात्र अचूक होता.

१९५८ सालचे नोबेल विजेते, अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांना या कामाचं मोल कळलं. त्यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी एकदा नव्हे, अनेकदा सुचवलं. हे पुढे त्यांनीच सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. पुरस्कार काही मिळाला नाही. १९७८ साली डे यांना कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रण मात्र आलं. १९८५ साली ते गेले. नियमानुसार मृत व्यक्तीचं नाव विचारात घेतलं जात नाही. तो दरवाजाही बंद झाला.

मला नोबेल हुकल्याची तितकी खंत नाही. खंत वेगळीच आहे. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने डे यांना हयातीत आपलं सदस्य करून घेतलं नाही. सातासमुद्रापलीकडचा माणूस त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा लेखणी उचलत होता, आणि घरच्यांच्या लेखण्या मात्र खिशातच राहिल्या.

मुशायऱ्यात कवीने स्वतःच्याच शेराला 'वाहवा' म्हणायचं नसतं. ते समोरच्याचं काम. आपल्या शेजारी, आपल्या कचेरीत, आपल्या गावात असं काम निमूटपणे करणारी माणसं असतात. ती अर्ज करत नाहीत. त्यांच्यासाठी एक पत्र आपणच लिहायचं असतं, आणि ती असेपर्यंत लिहायचं असतं.