शेवाळ खाणारा मासा : काचेच्या टाकीतला आणि भीमेतला

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात घरी प्रवाळाची, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटली, की पहिली अडचण पाण्याची. समुद्र घाटापलीकडे. १०० लिटर पाण्यात साधारण साडेतीन किलो समुद्री मीठ मिसळलं की खारटपणा समुद्राइतका होतो. तेवढं सोपं आहे. पण मीठ मिसळायचं ते पाणी कुठलं? भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठचा हा ऊसपट्टा. पिकाला दिलेल्या युरियाचा काही भाग नायट्रेट होऊन जमिनीत झिरपतो आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरतो. ते पाणी टाकीत भरलं तर प्रवाळाआधी शेवाळच पोसलं जाईल. म्हणून आरओचं पाणी हवं. शिवाय वैशाखात दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि प्रवाळाला २५-२७ अंशांचं पाणी मानवतं. म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र आलं, आणि वीज गेली तर पंप चालू ठेवण्याची सोयही आली.

एवढं करूनही शेवाळ येतंच. नव्या टाकीत पहिले काही आठवडे तपकिरी साय धरते, मग दगडांवर हिरवे केस उगवतात, आणि मालक दुकानात जाऊन विचारतो, शेवाळ खाणारा मासा कोणता? प्रश्न रास्त आहे. कारण खऱ्या प्रवाळभिंतीवर हे काम मासेच करतात, आणि त्यांनी ते थांबवलं तर काय होतं हे जमैकानं पाहिलं आहे. तिथे अतिमासेमारीनं शाकाहारी मासे आधीच विरळ झाले होते. चराईचा भार काळ्या लांब काट्यांच्या सागरी साळींवर होता. १९८३ मध्ये रोगाची साथ आली आणि त्या साळी मेल्या. टेरी ह्यूज या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलेला हिशेब असा : १९७७ मध्ये तिथल्या समुद्रतळाचा सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, १९९३ मध्ये तो ३ टक्के उरला. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची. डेव्हिड बेलवुड, ह्यूज आणि अँड्र्यू होई यांनी समुद्रतळाचे काही तुकडे जाळीने बंद करून तिथे उंच शेवाळाचं रान वाढू दिलं आणि मग जाळ्या काढल्या. पोपटमासे आणि रॅबिटफिश ते फस्त करतील असा अंदाज होता. कॅमेऱ्यांनी दाखवलं ते वेगळंच : रान साफ केलं बॅटफिशने, जो शेवाळ खाणाऱ्यांत गणलाही जात नव्हता. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. टाकीवाल्याने तो लक्षात ठेवावा. दुकानातल्या पाटीपेक्षा माशाचं तोंड पाहणं महत्त्वाचं.

सगळी तोंडं सगळं शेवाळ खात नाहीत. लॉनमोअर ब्लेनी हा बोटभर ते वीतभर वाढणारा, दगडावर बसून राहणारा मासा काचेवरची साय आणि आखूड केस खरवडतो. लहान टाकीला तो बरा. पण शेवाळ संपलं आणि दुसरं खाणं त्याने स्वीकारलं नाही तर तो खंगत जातो. ब्रशसारखे दात असलेला ब्रिस्टलटूथ टँग सायीसोबत तळाचा गाळही उचलतो. हवाईचा पिवळा टँग लांब केस कुरतडतो, दिवसभर पोहत चरतो आणि २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तेव्हा दोन फुटांच्या टाकीत त्याला कोंडणं हा अन्यायच आहे. त्याच्या शेपटीच्या बुडाशी धारदार पातं असतं. जागा अपुरी पडली की ते दुसऱ्या माशांवर चालतं. फॉक्सफेस हा रॅबिटफिश बुडबुड्यांसारखं चिवट शेवाळही खातो. त्याच्या काट्यांना विष असतं, आणि उपाशी राहिला तर तो प्रवाळालाही टोचतो. बुटके एंजलफिश दिसायला देखणे असले तरी प्रवाळाच्या बाबतीत भरवशाचे नाहीत. पोपटमाशाची चोच दगडच फोडते. त्याची जागा समुद्रात. निळसर-लाल चिकट पापुद्रा तर शेवाळच नसतो, ते सायनोबॅक्टेरिया असतात, आणि त्यांच्यासाठी मासा आणणं व्यर्थ आहे.

माझं मत विचाराल तर आधी टर्बो, ट्रोकस जातीच्या गोगलगायी आणाव्यात आणि मासा शेवटी. कारण माशाने खाल्लेलं शेवाळ टाकीबाहेर जात नाही. ते विष्ठा आणि अमोनिया होऊन पाण्यात उतरतं, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यावर पुन्हा शेवाळ येतं. जे हाताने उपटून बाहेर फेकलं, पाणी बदलताना काढलं, घाण फेसात ओढणाऱ्या स्किमर यंत्राने काढलं, तेवढंच खरोखर गेलं. माशाला घातलेला जास्तीचा दाणाही शेवाळाचाच खुराक.

आणि या सगळ्याच्या आधी कायदा. २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि सी फॅन आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यांच्या व्यापाराला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातला तुकडा दिवाणखान्यात आणणं हा छंदाचा भाग होऊ शकत नाही. सिरॅमिकचे दगड आणि शक्यतो बंदिस्त पैदाशीचे मासे, एवढ्यावरही सुंदर टाकी उभी राहते. पिवळा टँग पूर्वी फक्त समुद्रातून पकडला जाई. २०१५ मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने त्याची बंदिस्त पैदास साधली. मासा पैदाशीचा की समुद्रातून पकडलेला, हे दुकानदाराला विचारायला हवं.

आता भीमेकडे येऊ, कारण या भागातल्या बहुतेक घरांतली टाकी गोड्या पाण्याची असते, आणि शेवाळ खाणाऱ्या माशाची खरी गोष्ट इथेच घडते आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खन फिरला आणि त्याने इथल्या माशांचं शास्त्रीय वर्णन केलं. शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला त्याने मुसुल्ला हे नाव दिलं; आजही त्या जातीच्या शास्त्रीय नावात तो शब्द आहे. त्याच यादीत मळ्या आहे. हनुवटीखालच्या चकतीने वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा हा बोटभर मासा दख्खनचा स्वतःचा. कावरस आणि नुक्ता हे लेबिओ गटातले मासेही खडकावर चरणारे. ही नावं साइक्सने इथल्या कोळ्यांच्या बोलीतूनच उचलली.

पण आज रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येते. साबणातला फॉस्फेट, मैल्यातला नायट्रोजन. टाकीत शेवाळ ज्याने वाढतं तेच इथे नदीच्या मापात. दौंडच्या खाली पाणी उजनीच्या फुगवट्यात शिरतं आणि थांबतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. हिरवट पाणी, काठाला जलपर्णी, आणि जाळ्यात मुख्यतः परदेशी चिलापी. वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या दगडावर जगणाऱ्या मळ्याला इथे जागा कुठे उरली?

याच पाण्यात आता सकर आला आहे. दक्षिण अमेरिकेचा हा मासा दुकानात बोटाएवढा असतो आणि काच साफ ठेवतो म्हणून विकला जातो. पुढे तो हात-दीड हात वाढतो, टाकीत मावत नाही, आणि मालक जीव वाचवल्याच्या समाधानाने त्याला नदीत सोडतो. तिथे त्याला मारणारं फारसं कुणी नाही. अंगावर हाडांचं चिलखत, काटेरी पर. पाण्यातला प्राणवायू संपला तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. नर काठाच्या मातीत खोल बिळं करून अंडी राखतो आणि काठ ढासळू लागतात. उजनीच्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात आणि त्याला बाजारात भाव नसतो. शेवाळ खातो म्हणून तो भीमा साफ करेल ही आशा धरू नये. टाकीचा नियम नदीलाही लागू आहे. खाल्लेलं शेवाळ पाण्यातच परत येतं. नदी साफ होईल ती वरून येणारं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं तरच.

शिरूर, दौंड, केडगाव, पाटस, कुठेही घरात टाकी असलेल्या वाचकाला एक विनंती. सकर विकत घेऊ नका. घरात असेल आणि वाढला असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. नदीत, ओढ्यात, विहिरीत सोडू नका. शेततळ्यातही नाही, पावसाळ्यात तळं भरून वाहिलं की त्याचं पाणी ओढ्याने भीमेलाच जातं.